मागे नेलेली तारीख

मुलुंडला पाच रस्त्याच्या मागच्या गल्लीत वनमाला प्रधान यांचा कानाचा दवाखाना होता. वर्षातून एकदा, मार्च संपायच्या आत, हर्षद परबला तिथे एक चक्कर मारावी लागायची. काम फार तर अर्ध्या तासाचं. यंदाही तो भर दुपारी, दोनच्या सुमाराला, पाठीवर हत्यारांची बॅग आणि हातात एक कलिंगड घेऊन जिना चढला. मॅडमना रिकाम्या हाताने भेटायला त्याला बरं वाटत नसे. का ते पुढे येईलच.

हर्षदचं दुकान घाटकोपरच्या भटवाडीत. नवा कॉम्प्युटर घेऊन गेलात तर तो तुम्हाला शेजारच्या दुकानाचा रस्ता दाखवील. त्याच्याकडे यायची ती टाकलेली, कुणी वाली न उरलेली यंत्रं. विंडोज ९८, फार झालं तर एक्सपी. ज्यांनी ती बनवली त्यांनी केव्हाच हात वर केले होते. पण एखाद्या कारखान्यातलं भरतकामाचं यंत्र, एखाद्या छापखान्यातला जुना मराठी टाइप, ह्यांना त्याशिवाय दुसरं काही कळतच नसे. मग हर्षद जायचा. कुठे हरवलेली फाइल शोधून बसवायची, कुठे नको ते प्रोग्राम बंद करून यंत्राचा भार हलका करायचा, कुठे भंगारातून आणलेली मेमरी घालायची. "अजून पाच वर्षं ओढेल," असं तो सांगायचा आणि ते ओढायचं. ह्याचा त्याला जरा जास्तच गर्व होता.

मॅडमच्या दवाखान्यातलं दुखणं वेगळं होतं. कान तपासायचा त्यांचा प्रोग्राम ज्या कंपनीने बनवला, ती कधीच बुडाली होती आणि प्रोग्रामचा परवाना ३१ मार्च २०१५ला संपत होता. तो वाढवून देणार कोण? नवा प्रोग्राम घ्यावा, तर म्हाताऱ्या पेशंटांची जुनी कानाची मशीनं त्याला ओळखू येईनात. तेव्हा हर्षदने ह्या धंद्यातला सगळ्यात जुना उपाय केला. कॉम्प्युटरची तारीख एक वर्ष मागे नेली. १ एप्रिल २०१४. प्रोग्राम बिचारा फसला आणि निमूट चालू लागला. वर्ष सरलं की पुन्हा मागे. असं दहा वेळा झालं होतं. बाहेर माणसं म्हातारी होत होती आणि तो पिवळा पडलेला डबा तेच एक वर्ष पुन्हा पुन्हा जगत होता.

"ये रे," मॅडम म्हणाल्या. त्या आता शहात्तर वर्षांच्या होत्या. कलिंगड बघून हसल्या आणि पुढे काहीतरी बोलल्या.

"काय?"

"म्हटलं, हे शेवटचं हं. पुढच्या मार्चला मी इथे नसेन. लेक नेतेय नाशिकला. माझे चाळीसेक म्हातारे उरलेत, त्यांची मशीनं ह्या वर्षात जमतील तशी बदलून देते, मग कुलूप."

"बरं झालं मॅडम," हर्षद म्हणाला, आणि ते त्याच्या अगदी आतून आलं. त्या आणखी काही बोलल्या. "काय?" तो पुन्हा म्हणाला.

"आल्यापासून दोनदा 'काय' झालं तुझं. कान दाखव एकदा."

"हेल्मेटमुळे हो. दिवसभर डोक्यावर असतं ना."

घरी बायको, रुचिराही हेच म्हणायची. टीव्ही किती मोठा लावतोस, हाक मारली तर ओ देत नाहीस, वय चव्वेचाळीस आणि थाट ऐंशीचा. गेली काही वर्षं ते वाढतच होतं. हर्षद ते हसण्यावारी न्यायचा.

आतल्या खोलीत कॉम्प्युटर आणि त्याच्यासमोर बूथ. बूथ म्हणजे एका माणसाला बसता येईल एवढी पत्र्याची खोली, आतून जाड गालिचाने मढवलेली. तिच्या दाराला रबराची किनार आणि समोरच्या बाजूला वीतभर काच. आत पेशंटाने खुर्चीत बसायचं, हेडफोन लावायचा. बाहेरून बारीक सूर सोडायचे. सूर ऐकू आला की पेशंटाने हातातली कळ दाबायची, की बाहेर कॉम्प्युटरशेजारी हिरवा दिवा लागायचा. दार लावलं की आत गल्लीतला आवाज येत नसे, पंख्याचा येत नसे, काहीच येत नसे. जुन्या गालिचाचा आणि माणसांच्या घामाचा एक कोंदट वास तेवढा असायचा. हर्षद त्या काचेकडे पाठ करून बसला.

त्याचं कारण ती आतली खुर्ची. तिच्यावर त्याचे वडील दोनदा बसले होते.

लवू परब सोळा वर्षं गिरणीच्या साचेखात्यात होते. शेकडो माग एकाच वेळी खडखडायचे. गिरणी बंद पडली, लवू घरी आले, कान मात्र तिथेच राहिले. २०१५च्या जानेवारीत हर्षद त्यांना मॅडमकडे घेऊन आला. ऐकू कमी येत होतं, पण निभावण्यासारखं. कानाचं मशीन नको म्हणाले. एप्रिलमध्ये त्यांना मोठा ताप आला आणि तो उतरला तेव्हा उरलंसुरलं ऐकणंही घेऊन गेला. मे महिन्यात दुसरी तपासणी झाली, मशीन घेतलं. मॅडमनी ते कॉम्प्युटरला जोडलं, नेहमीसारखी शेवटच्या रिपोर्टाप्रमाणे आवाज बसवायची आज्ञा दिली आणि लवूंच्या कानात घातलं.

आता बघा. मेमधल्या रिपोर्टावर त्या डब्याने तारीख टाकली होती मे २०१४. कारण महिन्याभरापूर्वीच हर्षदने तारीख मागे नेली होती. प्रोग्रामच्या लेखी शेवटचा रिपोर्ट जानेवारी २०१५चा, म्हणजे तापाच्या आधीचा. मशीन त्याच्यावर बसलं, गरजेच्या अर्ध्या जोरावर. तारीख मागे नेताना आधीचे रिपोर्ट उचलून दुसऱ्या कप्प्यात ठेवायचे असतात. हर्षद ते विसरला होता. ह्या धंद्यातल्या माणसाशिवाय कुणाला सुचणारही नाही अशी ती चूक होती.

"झिला, आवाज बारीक येता रे," लवू म्हणायचे. "लांबसून येता."

"सवय होईल बाबा," हर्षद मान वर न करता म्हणायचा.

२६ मेच्या दुपारी भटवाडीच्या चढावर पाण्याचा टँकर मागे मागे येत होता. त्याचा भोंगा वाजत होता, टूं, टूं, टूं. लोक दुकानांतून बाहेर येऊन ओरडले, दोन्ही हात हलवून बाजूला व्हा म्हणाले. लवूंना वाटलं, आपल्याला हात करतायत. ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि हसून त्यांनीही सगळ्यांना हात केला.

तेराव्यानंतर हर्षदने दवाखान्यात येऊन दोन्ही तारखा पाहिल्या आणि चूक कुठे झाली ते त्याला कळलं. त्याने गुपचूप जुने रिपोर्ट हलवले. पण चुकीचा रिपोर्ट लागला होता, हे मॅडमनाही तोवर कळलं होतं. का लागला ते त्यांना कळलं नव्हतं. आपलंच बोट चुकलं असणार, असं त्यांनी धरलं. त्या भटवाडीला आल्या, लवूंच्या फोटोसमोर हर्षदच्या आईचे हात धरून रडल्या. "माझ्या हातून झालं," म्हणाल्या. आईने हात सोडवून घेतले आणि मरेपर्यंत त्यांना माफ केलं नाही. हर्षद तिथेच उभा होता. तोंड उघडायची ती वेळ होती, आणि त्याने ते उघडलं नाही. त्या दिवसापासून मॅडमनी नवा पेशंट घेतला नाही. आणि दर मार्चला हर्षद काहीतरी फळ घेऊन येऊ लागला.

त्याने कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काळ्या पडद्यावर अक्षरं सरकली, डबा कण्हला. हर्षदने तारखेची पाटी उघडली, आकडे मागे नेले. १ एप्रिल २०१४. वर्षभराचे रिपोर्ट उचलून कप्प्यात ठेवले, दोनदा तपासले. ही चूक त्याने पुन्हा कधी केली नव्हती.

आता फक्त चाचणी उरली होती. सूर बूथमध्ये पोहोचतात का आणि कळ दाबली की दिवा लागतो का, एवढं बघायचं. ह्या चाचणीला तो वर्षभर घाबरायचा.

पहिल्या वर्षी काही झालं नव्हतं. दुसऱ्या वर्षी त्याने रिकाम्या बूथमध्ये सूर सोडला, उठून कळ दाबायला निघाला, आणि दिवा आधीच लागला. जुनी वायर, त्याने स्वतःला सांगितलं. पण वायर बिघडली तर दिवा कसाही लागतो. हा सुराबरोबर लागत होता. पंचाण्णव डेसिबलच्या जोराला लागला, नव्वदला नाही. पडद्यावर ठिपके पडत गेले, रेघ जोडली गेली, आणि हर्षदला ती रेघ ओळखू आली. चार हजार हर्ट्झच्या, म्हणजे उंच सुराला एकदम खाली खचलेली. गिरणीत माग चालवणाऱ्या माणसाच्या कानाची रेघ अशी असते, हे मॅडमनीच त्याला एकदा दाखवलं होतं.

तिसऱ्या वर्षी ती रेघ पंच्याऐंशीवर आली. चौथ्या वर्षी पंचाहत्तर. दर वर्षी आत जे कोण होतं, त्याला थोडं अधिक ऐकू येत होतं. गेल्या मार्चला पंधरा. हर्षद दर वेळी तो बिननावाचा रिपोर्ट पुसायचा, मॅडमना "सगळं ओके" म्हणायचा आणि पळायचा.

ह्या वर्षी त्याने थेट दहापासून सुरुवात केली. दिवा लागला. पाच. लागला. शून्य, म्हणजे तान्ह्या मुलाला कसाबसा येईल इतका सूर. दिवा लागला. हर्षदने घाबरून हात मागे घेतला. आता सूर सुटतच नव्हता. तरी दिवा लागला, विझला, लागला. टूं, टूं, टूं अशा अंतराने. त्याने वळून काचेतून आत पाहिलं. खुर्ची रिकामी होती, हेडफोन खुंटीवर, कळ खुर्चीच्या दांड्याला लोंबकळत होती.

"हर्षद..."

तो दचकून वळला. मॅडम चहाचा कप घेऊन दारात उभ्या होत्या. तो चटकन दिव्यासमोर सरकला.

"एक विचारू? दहा वर्षं विचारीन म्हणते, धीर होत नाही." त्यांनी कप ठेवला. "आता जायचंय मला इथून. तेव्हा खरं सांग. ह्या डब्याचं तुझ्याइतकं कुणाला कळत नाही. तुझ्या बाबांचा तो रिपोर्ट... माझंच बोट चुकलं ना रे? की आणखी काही असू शकतं? मी रोज रात्री ते आठवून बघते. मला बोट चुकल्याचं आठवतच नाही..."

खोलीत पंखा घरघरत होता. हर्षदच्या पाठीमागे हिरवा दिवा आता लागून राहिला होता. त्याचा उजेड मॅडमच्या चष्म्यात दिसत होता. कळ दाबून धरल्यासारखा स्थिर. आत बसलेलं जे काही होतं, ते श्वास रोखून ऐकत होतं, आणि त्याला आता सगळं ऐकू येत होतं.

एक वाक्य पुरलं असतं. तारीख मी मागे नेली होती मॅडम. म्हातारी सुखाने नाशिकला गेली असती. हर्षदला तिची खरोखर कणव आली, रडू आलं. पण त्याबरोबर भटवाडी आठवली, दुकानाची पाटी आठवली, ज्या आईला त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही ती आठवली.

"तुमचंच बोट, मॅडम," तो हळूच म्हणाला. "होतं माणसाकडून. झालं ते झालं."

मॅडमनी मान खाली घातली. चष्म्यातला हिरवा ठिपका विझला.

आणि पंख्याची घरघर थांबली. हर्षदने वर पाहिलं. पंखा फिरत होता. मॅडमचे ओठ हलत होते. त्या डोळे पुसत काहीतरी सांगत होत्या, कप त्याच्या पुढे सरकवत होत्या, आणि कप बशीवर टेकला तोही कापसावर टेकल्यासारखा. हर्षदने टाळी वाजवली. तळहात चुरचुरले, बाकी काही नाही.

"मॅडम... मला ऐकू येत नाहीये," तो म्हणाला, किंवा म्हणाला असावा. "बारीकसुद्धा नाही..."

मॅडमचा चेहरा पालटला. पन्नास वर्षांची सवय त्यांची. त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं आणि त्याला नको म्हणायला सुचायच्या आत बूथमध्ये बसवलं. हेडफोन त्याच्या कानांवर आला. जड दार रबरावर दाबून बसलं. हर्षदने कळ हातात घेतली नाही. त्याने दोन्ही हात मांड्यांवर घट्ट धरून ठेवले. काचेपलीकडे मॅडम पडद्यावर वाकल्या, सूर सोडू लागल्या. त्याला काहीही येत नव्हतं.

मग त्याला ती कळ दिसली. दांड्यावरून लोंबकळत होती, त्याच्या गुडघ्याशेजारी. तिचं लाल बोंड हळूच आत जात होतं आणि वर येत होतं. आत जात होतं, आणि वर येत होतं. काचेपलीकडे मॅडम दर वेळी समाधानाने मान हलवत होत्या. इथे वर्षा-वर्षाला जे ऐकणं वाढत गेलं, ते आपल्याच कानांतून आणलेलं होतं, हे हर्षदला तेव्हा कळलं. खुर्चीला घामाचा आणि सुताच्या पुंजक्यांचा वास येत होता.

दार उघडलं तेव्हा मॅडम हसत होत्या. प्रिंटरची सुई कागदावर मुकाट धावत होती. त्यांनी रिपोर्ट फाडून त्याच्या हातात दिला आणि खाली पेनाने लिहिलं: 'कान उत्तम. एकही सूर चुकला नाही. मनाचं आहे, आराम कर.' वर त्याचं नाव होतं, हर्षद लवू परब. वय चव्वेचाळीस. सरळ, न खचलेली रेघ. आणि कोपऱ्यात तारीख, जी तासाभरापूर्वी त्याने स्वतःच्या हाताने १ एप्रिल केली होती. तिथे २६ मे २०१४ होतं, डब्याच्या लेखी लवू गेले तो दिवस.

"मॅडम, चूक माझी होती!" हर्षद ओरडला. "तारीख मी मागे नेली! तुमचं बोट नव्हतं, ऐका, तुमचं नव्हतं..." गळ्याच्या शिरा ताणल्या, छाती हादरली. आवाज फुटला की नुसतंच तोंड हललं, हे त्याला कळायला मार्ग नव्हता. मॅडमनी त्याच्याकडे मायेने पाहिलं आणि त्याच्या गालावर थोपटलं. त्यांच्या ओठांवर दोनच शब्द आले. ते शब्द त्याला ऐकावे लागले नाहीत. ते त्याचेच होते.

सवय होईल.

तो बॅग तिथेच टाकून जिना उतरला. रिपोर्ट मुठीत होता. चार वाजले होते. ऊन पांढरं पडलं होतं, गल्लीत नेहमीची वर्दळ होती, आणि सगळं बंद टीव्हीच्या काचेत दिसावं तसं मुकं. हर्षद भिंतीच्या कडेकडेने रिक्षा शोधत दहा पावलं गेला असेल. तेवढ्यात पानवाल्याने त्याच्या दिशेने पाहिलं आणि दोन्ही हात वर करून हलवले. मग इस्त्रीवाला. मग भाजी घेणाऱ्या दोन बायका. सगळ्यांची तोंडं उघडी होती.

हर्षदने झटकन मागे वळून पाहिलं. ह्या एका गोष्टीची त्याने दहा वर्षं मनातल्या मनात तयारी केली होती. टँकर नव्हता. काहीच नव्हतं. गल्ली थेट पाच रस्त्यापर्यंत मोकळी होती, ऊन पडलेली.

तो पुन्हा पुढे वळला. ते अजून हात हलवत होते, अधिकच जोराने. त्यातली एक बाई रडत होती. आणि कुणीही त्याच्याकडे बघत नव्हतं. सगळे त्याच्या खांद्यावरून, अगदी त्याच्या पाठीशी, कुणाकडे तरी बघत होते.